मुरूम लागेपर्यंत

भावाच्या वर्कशॉपसाठी परसात खोल खड्डे खणलेत. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत जायचं आणि त्यावर काँक्रीटचे खांब उभे करायचे.

शेजारचं आमचं घर मात्र त्याच मातीवर, उथळ पायावर बसलंय. आईच्या खाटेमागची भिंत दर उन्हाळ्यात उलते. आई त्या भेगेत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबते. माणसं हलत्या जमिनीवरही झोपतात, म्हणूनच त्यांच्यासाठी कुणी इतकं खोल खणत नसावं.

आज आई खड्ड्यात डोकावली. "एवढं खोल कशाला रे?"

"लेथ मशीनला जरासुद्धा हललेलं चालत नाही, आई," भाऊ म्हणाला.

"बरंय बाई तिचं," म्हणाली, आणि चिंध्या शोधायला आत गेली.