पहिल्या पानावरची उडी

दरवर्षी बारावीच्या निकालाला पेपरवाल्यांचं तेच रडगाणं: लातूर विभागाचा टक्का घसरला, पण बाजी मुलींचीच. सोबत उड्या मारणाऱ्या पोरींचा फोटो. मला या टक्क्याची आधीपासूनच चीड. पास झालेल्यांचा टक्का ठळक अक्षरात, आणि उरलेली लेकरं कुठं गेली, त्यावर एक ओळ नाही!

त्या वर्षी फोटोत आमचीच पोरगी होती. मधोमध, सगळ्यांत उंच.

झालं असं, की निकाल लागला तेव्हा ती मैत्रिणींबरोबर नांदेडला कॉलेजच्या दारात उभी होती. मैत्रिणींचे निकाल उघडले, हिच्या मोबाईलवर नुसतं चक्र फिरून राहिलं होतं. तेवढ्यात फोटोग्राफर आला. "चला गं पोरींनो, मारा उड्या!" मैत्रिणींनी हात धरून ओढलं, हिनं मारली उडी. घरी पोचेपर्यंत निकाल उघडला. गणितात गेली होती.

खोलीत गेली आणि कडी लावली. जेवायला हाक मारली तर "नको" एवढंच. निकालानंतरच्या पेपरात आतल्या पानावर कसल्या बातम्या येतात, ते मला माहीत होतं. मी दारापासून हललेच नाही.

सकाळी पेपर आला आणि फोन सुरू झाले. "अभिनंदन! पोरगी पेपरात झळकली की!" मी आपली हूं हूं करत होते. मेल्यांनो, फोटो काढायच्या आधी निकाल तरी विचारायचा!

मग धर्माबादहून माझ्या बहिणीचा फोन. "पेढे कधी देतीस? लई आनंद झाला बघ." मी परत आपली हूं हूं. तेवढ्यात कडी निघाली. पोरगी बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"मावशी, मी नापास झाले. हाव, खरंच. फोटो काढला तवा मलाच ठाऊक नव्हतं."

मावशी पलीकडून काय म्हणाली देव जाणे, पण ही फिस्सकन हसली. "उडी तर मारून बसले, आता पुरवणी परीक्षेला बसते," म्हणाली. मग मला म्हणते, "आई, पुढचे फोन मला दे. तुला न्हाई जमत."

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि पोटभर रडले. गणित गेलं तर गेलं. माझी लेक दार उघडून बाहेर आली होती.