तारेत अडकलेलं पान
दर पाडव्याला बायको कडुलिंबाचं पान हातावर ठेवते आणि मी ते न चावताच गिळतो. नववीत असताना माझ्या दातांना तारा लावल्या होत्या. हट्ट बाबांचा. त्यांचे स्वतःचे दात पुढे होते आणि हसताना ते तोंडावर हात धरायचे. दर महिन्याला तार आवळून घ्यायला ते मला वारज्याहून स्कूटरवर दवाखान्यात न्यायचे आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. एकदा असेच तार आवळून आलो आणि दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसात कोसळले, ते गेलेच. स्मशानातून परतल्यावर काकांनी दारातच कडुलिंबाचं पान हातात दिलं. "चावून थुंक, मग आत ये." दात इतके ठणकत होते की धड चावता येईना. पानाचा तुकडा तारेत अडकला आणि कडू लाळ घशात उतरत राहिली. ब्रशने तो सहज निघाला असता, पण तेवढी जागा मी रोज सोडून द्यायचो. तेरावं झाल्यावर तार टोचायला लागली म्हणून एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी काळा पडलेला तो तुकडा चिमट्याने ओढून दिव्याखाली धरला. "घरी ब्रश नावाची वस्तू आहे ना? बाबांना आत बोलव, त्यांनाच दाखवते." मी उठलो, बाहेर आलो आणि त्या रिकाम्या बाकावर बसून राहिलो. आता माझे दात अगदी सरळ आहेत. हसताना हात मात्र तोंडावर जातो.