भट्टीला लावलेला डोळा

मावशी कपबश्यांच्या कारखान्यात भट्टी सांभाळायच्या. मालकाला उलट उत्तर देण्याची छाती तिथे त्यांचीच, आणि मालकही मुकाट ऐकून घ्यायचा. कारण भट्टीच्या भोकाला उजवा डोळा लावून, नुसत्या आतल्या रंगावरून, माल पक्का झाला की नाही ते त्याच सांगत. धगीपासून डोळे वाचवायला धरायची काळी काच खिळ्याला टांगलेली असे. ‘काचेतून रंग कळत नाही,’ म्हणून मावशींनी तिला कधी हात लावला नाही, हाताखाली शिकणाऱ्या सुनेलाही लावू दिला नाही.

परवा घरी नात धडा मोठ्याने वाचत होती. सुरुवातीला म्हणे सगळं विश्वच आगीसारखं तापलेलं. उजेड ठासून भरलेला, पण अडकलेला. जाईल तिथे धडक. मग विश्व निवलं, उजेड मोकळा सुटला, तो अजून चालतोच आहे.

“यात काय नवल?” मावशी भाजी चिरता चिरता म्हणाल्या. “भट्टी ऐन तापात आली की आतले कपसुद्धा दिसत नाहीत. सगळा एकच उजेड. निवायला लागली की एकेक दिसतो.”

बोलून गेल्या आणि त्यांचा चिरता हात थांबला. हल्ली कप दिसायला फारच वेळ लागत होता, आणि त्या आपल्या भट्टीलाच शिव्या घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी आग बंद केल्यावर त्या भोकाशी बसल्या. पांढरा उजेड पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला, तरी उजव्या डोळ्याला नुसतं धुकं. मग त्यांनी पहिल्यांदाच डावा डोळा लावला. कप रांगेत उभे होते, कानांसकट.

विश्व निवलं, भट्टी निवली, पण उजव्या डोळ्यातलं धुकं काही निवळत नव्हतं. मावशींना कुणाला सांगायचं धाडस झालं नाही.

पुढची भट्टी तापली तेव्हा सून नेहमीसारखी भोकाशी वाकली. मावशींनी तिचा दंड धरला आणि काच पुढे केली.

“हिच्यातून बघ.”

“काचेतून रंग कळत नाही, आई. तुम्हीच तर सांगता,” सून हसून म्हणाली आणि उजवा डोळा भोकाकडे नेऊ लागली.

मावशींनी भोकासमोर तळहात आडवा धरला.

“मला या डोळ्याने दिसत नाही गं,” त्या म्हणाल्या. चटका बसत होता, पण सुनेने काच घेईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.