पाकिटातला करदोडा

मंगळवार पेठेत मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा छत्तीस वर्षांचा एक माणूस बुधवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी आमच्या पोलीस ठाण्याच्या कोठडीत मेला. कागदावर तो 'ठाण्याच्या आवारात चक्कर येऊन' मेला. कागद खोटा आहे. त्या दिवशी मी त्याच ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून ड्यूटीवर होते, म्हणून सांगते.

लोक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात आणि मग आठवणी लिहितात. मी तेहतिसाव्या वर्षी राजीनामा दिला, त्यामुळं लवकर लिहिते आहे. ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अंगाची लाही होते. नावं कुणाचीच घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

सुरुवात माझ्यापासून झाली, हेही लपवणार नाही. कागलकडं विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी आतल्या तांब्याच्या तारेसाठी चोरीला जात होत्या. वरून रोज फोन. अशात माझा एक खबरी ठाण्यात आला. त्याचंही पेठेत वाइंडिंगचंच दुकान. "म्याडम, चोरीचं तांबं कुठं जातंय म्हायती हाय का? माझ्या शेजारच्याकडं. आठ दिवसात गिऱ्हाईक बगा की त्याचं, कसं वाढलंय!"

शेजाऱ्याचं गिऱ्हाईक वाढलं म्हणून हा जळतोय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी पडताळणी न करता खबर तपास पथकाला दिली. बुधवारी सकाळी साडेनऊला पथकातल्या तिघांनी त्या शेजाऱ्याला दुकानातून उचललं. "पाच मिनिटं चल, साहेब बोलवायलेत," एवढंच सांगून. ना अटक दाखवली, ना स्टेशन डायरीत नोंद केली, ना घरी कळवलं.

साडेदहाला चौकशी सुरू झाली. पथकाच्या खोलीचं दार बंद होतं. मी समोरच्या टेबलावर एका कॉलेजच्या मुलीची मोबाइल हरवल्याची तक्रार लिहून घेत होते. आतून ओरडण्याचा आवाज आला. मुलगी दचकली, माझ्याकडं बघू लागली. मी विचारलं, "मोबाइलचा रंग कोणता?"

बाराला त्याला परत कोठडीत टाकलं. वीस मिनिटांनी गार्ड ओरडला.

ठाणेप्रमुख साहेबांनी दहा मिनिटांत सगळ्यांना केबिनमध्ये घेतलं. "चौकशीला बोलावला होता, आवारात पडला. अकस्मात मृत्यू. कोठडीचा शब्द कुणाच्या तोंडात नको." मग माझ्याकडं वळले. "मॅडम, त्याची बायको दवाखान्यात येतीय. बाईमाणसाला बाईमाणूस लागतं. तुम्ही जा, गप्प करा."

मी गेले. मृतदेह बघून ती शवागाराच्या पायरीवर बसली होती, पिठाचे हात तसेच. रडत नव्हती. मी पाठ केलेलं बोलले, "ताई, चक्कर आली त्यांना. आम्ही लगेच उचलून आणलं."

"करदोडा कुठं हाय ह्यांचा?"

"काय?"

"कमरंचा करदोडा. पाडव्याला मीच नवा आणून दिलाय. आंघोळीला सुदीक काढत न्हाईत. जित्या माणसाचा करदोडा काढतात व्हय? निस्तं इचारायला न्हेलतासा न्हवं? मग कशाला काढलासा?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. माणसाला कोठडीत घालताना पट्टा आणि करदोडा काढून घेतात, गळफास घेऊ नये म्हणून. चौकशीला आलेल्याचा कुणी काढत नाही.

ठाण्यात परतले ती थेट कोठडीच्या गार्डकडं. निवृत्तीला आलेले हवालदार, नियमाला पक्के. त्यांनी खण उघडून खाकी पाकीट पुढं ठेवलं. वर मृताचं नाव, खाली 'करदोडा एक, पट्टा एक, वेळ ९.५०' आणि त्यांची सही.

"काका, साहेबांनी नोंद करू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"नोंद करू नका म्हणालते. पाकीट करू नका म्हणाले न्हाईत की! वीस वर्षं करतोय, हात आपोआप चालतोय."

पुरावा माझ्या हातात होता. वेळ, बुधवार दुपार, सव्वातीन.

आता कायदा ऐका. कोठडीत माणूस मेला तर चोवीस तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचं, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं, न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची. पण कळवायचं कुणी? ज्यांच्या हातून मेला त्यांनीच! 'कोठडी' हा शब्द त्यांनी लिहिला नाही की पुढचं सगळं टळलं. न कळवल्याबद्दल जेलमध्ये गेलेला अधिकारी मी तरी पाहिला नाही.

आणि मी काय केलं? पाकीट माझ्या पर्समध्ये ठेवून घरी गेले. भीती वाटली. दुसरं कारण नाही. संध्याकाळी साधं शवविच्छेदन झालं, कॅमेऱ्याशिवाय. गुरुवारी सकाळी पंचगंगेवर अंत्यसंस्कार झाले.

गुरुवारी चार वाजता मी पाकीट ठाण्यात परत आणलं आणि स्टेशन डायरीत माझ्या हातानं लिहिलं, कोठडी गार्डच्या खणात अमुक पाकीट मिळून आलं, त्यावर अमुक वेळ आहे. साहेब धावत आले. "मॅडम, काय लिहिलंत हे? खोडा."

"डायरीत खोडाखोड चालत नाही साहेब. तुम्हीच शिकवलंय."

नोंदीचा नंबर चिठ्ठीवर लिहून मी त्याच्या बायकोला घरी नेऊन दिला. त्या नंबरावर वकिलानं अर्ज केला, न्यायालयीन चौकशी लागली. माणूस कोठडीत होता हे त्या पाकिटानं सिद्ध केलं. मारहाण सिद्ध झाली नाही. कशी होणार? बघायला शरीर कुठं होतं? तिघे निलंबित झाले, दोघे पुन्हा कामावर आहेत. मोटारी चोरणारे नंतर दुसऱ्याच तालुक्यात सापडले. या माणसाचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात मला एवढंच म्हणाली, "म्याडम, एक दिस आधी लिवला असतासा तर?"

त्या आठवड्यात मी राजीनामा दिला. या प्रकरणानं मला शिकवलं ते हे, की पोलिसांच्या चांगुलपणावर कुणाचाही जीव ठेवू नये, माझ्याही नाही. ठाण्याच्या उंबऱ्याच्या आत मेलेला प्रत्येक माणूस कोठडीत मेला असं धरणारा कायदा पाहिजे. त्याच दिवशी बातमी दंडाधिकाऱ्यांना आणि घरच्यांना लेखी गेली पाहिजे. दडवणाऱ्याला तुरुंग पाहिजे.

तो कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही एक करा. तुमच्या गल्लीतल्या कुणाला 'पाच मिनिटं चल' म्हणून नेलं, की हातातलं काम टाकून मागोमाग जा. चौघं जा. किती वाजता नेलं ते लिहून ठेवा. ठाणे अंमलदारासमोर उभं राहून विचारा, "स्टेशन डायरीत नोंद कितव्या नंबरची?" आणि नंबर हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.