मुकी कळ

आयली कार्व्होनेनच्या नाकावर राग असतो, हे आमच्या गावात सगळे म्हणतात. तिच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. तिने जन्मभर शाळेची बस चालवली. सुपिरिअर तळ्यावरून येणाऱ्या बर्फाच्या वादळातही तिची बस कधी खड्ड्यात गेली नाही, आणि तिच्या बसमध्ये कोणी दुसऱ्यांदा जागेवरून उठलं नाही. आज गावातले पोट सुटलेले, नातवंडंवाले बाप्येसुद्धा ती समोरून आली की टोपी सरळ करतात.

तिचा मोठा भाऊ रेनो अगदी उलटा. तोंडाने बोलणं त्याला जमायचंच नाही. तांब्याची खाण बंद पडेपर्यंत तो तिथले पंप दुरुस्त करत होता, आणि घरी आला की सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसायचा. हौशी रेडिओवाला तो. मोर्सची कळ दाबत जायची, लांब डा, आखूड डी, डा-डी, डा-डी, आणि पलीकडे कोणी अलास्कात, कोणी फिनलंडमध्ये ऐकायचं. जन्मात माणसांत चार वाक्यं न बोललेला रेनो बोटाने मात्र तासन् तास गप्पा मारायचा. आयलीला ती भाषा त्यानेच शिकवली, जेवणाच्या टेबलावर चमचा वाजवून.

या लोकांत प्रत्येकाला सरकारकडून एक हवेतलं नाव मिळतं. थोडी अक्षरं, मध्ये एक आकडा. जुन्या काळी परीक्षा दिलेल्यांची नावं छोटी असत, आता नव्यांना लांबलचक मिळतात. रेनोचं नाव दोन अक्षरांवर संपायचं. डा-डी-डा, डी-डी-डा. त्याचा शेवटचा डा जरा रेंगाळायचा, आणि त्यावरून कळीवर रेनोच बसलाय हे ओळखू यायचं.

हौशी रेडिओवाल्यांत माणूस मेला असं म्हणत नाहीत. त्याची कळ मुकी झाली म्हणतात. रेनोची कळ मुकी झाली त्याला आता तीन वर्षं होत आली. सरकार मेलेल्याचं नाव दोन वर्षं राखून ठेवतं. तेवढ्यात रक्ताच्या नात्यातल्या कोणी मागितलं तर देतं, नाहीतर पुढे मागेल त्याला. आयलीला हे माहीत होतं, पण तिने मागितलं नाही. तिचं स्वतःचं नाव होतं, एका माणसाला एकच मिळतं, आणि भावाचं नाव मागायचं म्हणजे तो नाही असं आपल्या सहीने लिहून द्यायचं. शिवाय मागायची गरजच काय? आमच्या या टोकावर मेलेल्या शेजाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. शेजाऱ्याच्या सौनात न विचारता शिरायचं नाही, हे तरी कुठे लिहिलंय?

रोज सकाळी हवेत हजेरी होते. गावातल्या रेडिओवाल्यांच्या क्लबचा म्होरक्या वाइनो कोस्केला एकेकाचं नाव वाजवतो आणि ज्याने त्याने उत्तर द्यायचं. रेनो गेल्यावर वाइनो त्याच्या जागी एक श्वासभर थांबायचा आणि मग आयलीचं नाव घ्यायचा. त्या थांबण्यासाठी आयली रोज उठून बसायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही, आणि वाइनोला सांगायची गरज नव्हती.

नोव्हेंबरच्या वादळात तिच्या रेडिओची तार, म्हणजे अँटेना, तुटली. सौनामागच्या पांढऱ्या पाइनमध्ये, पार वर, रेनोने ती गलोलीने दोरा बांधलेला शिशाचा गोळा मारून चढवली होती. आयलीने गलोल ताणून पाहिली, पण खांद्याने साथ दिली नाही. मग बर्फ आला, रेनोची तार झाडात नाही तर रेडिओ लावायचाच नाही असं तिने ठरवलं, आणि तिचा हिवाळा हजेरीविना गेला.

"अगं, ब्रेंटला बोलव की," वाइनो दुकानात भेटला तेव्हा म्हणाला. "त्याचं ड्रोन भुर्रकन वर जातं, दोरा टाकून खाली येतं. शरद ऋतूत आमच्या सगळ्यांच्या तारा त्यानेच टांगल्या. पैसाही घेत नाही."

"तो पुलाखालचा?"

आमचं हे टोक बाकीच्या राज्याला एका लांब पुलाने जोडलंय; त्या पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना आम्ही पुलाखालची भुतं म्हणतो. ब्रेंट हॉलोवे, तोही हौशी रेडिओवाला, तिथून निवृत्त होऊन आला, तळ्याकाठी घर बांधलं, आणि येतायेताच सगळ्यांच्या उपयोगी पडायला लागला. अशा माणसांचा आयलीला आधीपासून संशय.

"पुलाखालचा असला तरी हात चांगला आहे त्याचा," वाइनो म्हणाला, आणि का कोण जाणे, तिच्याकडे न बघता बटाटे निवडत राहिला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मे महिन्यात झाडांच्या सावलीतच काय तो बर्फ उरला, तेव्हा आयलीने ब्रेंटला बोलावलं. आदल्या दिवशी पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भाजल्या, वेलदोडे घालून निसूचा गोड पाव केला. बोलावलं आहे तर पाहुणचार नीट झाला पाहिजे.

ब्रेंट आला, हसतमुख, गुडघ्यापर्यंत नवे बूट. त्याने ड्रोनच्या पोटाला शिशाचा गोळा आणि मासेमारीचा दोरा अडकवला.

"शेंड्यावरून नको," आयली म्हणाली. "शेंड्याच्या काटक्या वाऱ्याने मोडतात. ती तिसरी मोठी फांदी बघ, वीज पडून काळी झालेली. तिच्या बेचक्यातून जाऊ दे."

"आयली, काळजी नको. जितकं उंच तितकं चांगलं."

ड्रोन गुणगुणत वर गेलं, शेंडा ओलांडला, गोळा सोडला. दोरा वरच्या काटक्यांत असा गुरफटला की गोळा अर्ध्यावर लोंबकळत राहिला.

"आता तो गोळा काय नाताळचा दिवा म्हणून ठेवू?" आयली गरजली. "बसमध्ये असतास तर उतरवला असता तुला!"

"उतरलो असतो," ब्रेंट म्हणाला, आणि मनापासून हसला. दोरा तोडून त्याने पुन्हा ड्रोन उडवलं. या वेळी आयली बोट दाखवत होती, डावीकडे, अजून, बस्स, आणि तो मुकाट ऐकत होता. गोळा काळ्या फांदीच्या बेचक्यातून सरळ खाली पाचोळ्यात पडला. दोऱ्यामागे दोरी गेली, दोरीमागे तार. दोरीचं टोक कप्पीवरून घेऊन आयलीने तिला रेनोचाच कॉफीचा डबा बांधला, खड्यांनी भरलेला. झाड हलेल तसा डबा वर-खाली होतो आणि तार तुटत नाही. नोव्हेंबरात ती तुटली कारण डबा जमिनीला गोठून बसला होता. या खेपेला तिने तो हातभर वर ठेवला.

तार आभाळात ताठ उभी राहिली तेव्हा आयलीला आनंद झाला. कितीतरी दिवसांनी झाला. तिने ब्रेंटच्या पाठीवर एक थाप मारली. तो पुढे झुकला.

सौनाच्या खोलीत रेनोचा रेडिओ उबदार झाला. आयलीने कॉफी ओतली, निसूचा जाड तुकडा कापला आणि खुर्ची पुढे केली. "पहिला मान तुझा. बघ कोणी ऐकतंय का."

ब्रेंटने हात पुसले आणि कळ दाबली. आधी हाक, मग आपलं नाव. डा-डी-डा, डी-डी-डा.

स्वच्छ, मोजून-मापून. शेवटचा डा कुठेही न रेंगाळता.

आयलीच्या हातातली सुरी निसूत तशीच राहिली. "काय वाजवलंस?"

"माझं नाव. नवीन आहे." तो वळला आणि तिचा चेहरा बघून त्याचा रंग उतरला. "तुम्हाला... वाइनोने सांगितलं नाही?"

"ते रेनोचं आहे."

"हो, म्हणजे, होतं. मोकळं झालं होतं, आयली. दोन वर्षं उलटून गेली होती. मी जानेवारीत अर्ज केला. इतकं छान, छोटं नाव, वाया जात होतं. मला वाटलं, हवेत परत ऐकू आलं तर रेनोचाही मान..."

"मान?" आयलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातोस आणि मान म्हणतोस? खुर्ची रिकामी दिसली की बसायचं, एवढंच शिकवतात का रे तुम्हाला पुलाखाली? आयत्या बिळावर नागोबा! त्याच्या झाडावर चढून, त्याच्या तारेतून, त्याच्या कळीवर त्याचंच नाव! आणि मी तुला निसू कापून देतेय!"

"मी नियमाने घेतलं."

"नियमाने! नियमाने घेतलंस म्हणूनच तुला काही करता येत नाही मला, नाहीतर याच सुरीने केलं असतं."

मग ती थांबली. जानेवारी. जानेवारीपासून रोज सकाळी हजेरी झाली होती.

"वाइनो तुला त्या नावाने हाक मारतो? रोज?"

ब्रेंटने कळीवरचा हात काढून घेतला.

"रेनोच्या जागी?"

"यादीत तिथेच जागा होती," तो हळू म्हणाला.

आयली बाहेर गेली. डब्याची दोरी सोडली. डबा खाली आदळून खडे उडाले, आणि तार सरसरत फांदीवरून निघून सावलीतल्या बर्फावर वेटोळं होऊन पडली. "तुझ्या हाताने चढलेली तार मला नको," ती म्हणाली. ब्रेंटने ड्रोन पेटीत घातलं आणि तो निघून गेला. पास्टी तशाच झाकलेल्या राहिल्या.

शनिवारी क्लबची न्याहारी चर्चच्या तळघरात असते. आयली आत आली आणि काटेचमचे थांबले. ब्रेंट कोपऱ्यात होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याच्यावरचा राग केव्हाच मागे पडला होता. तो परका, त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. हे तर आपले होते.

"सगळा हिवाळा तुम्ही ऐकत होतात," ती म्हणाली. "वाइनो, रेनोने तुझ्या बापाचा रेडिओ किती वेळा दुरुस्त केला? आणि तू त्याचं नाव रोज सकाळी या माणसाला वाजवून दाखवत होतास."

"अगं, कायद्याने त्याचंच आहे ते. मी काय करणार?"

"मला सांगायचं! दुकानात बटाटे कुरवाळत उभा राहिलास! का नाही सांगितलंस, मी सांगते. सगळ्यांच्या तारा फुकटात वर गेल्या होत्या ना. मग काय, ज्याचं खावं मीठ! एका उडत्या खेळण्यासाठी सगळे मूग गिळून बसलात. गलोल मारायला हात थरथरतात तुमचे, समजू शकते, माझेही थरथरतात. जीभही थरथरते का?"

कोणी वर बघेना. आमच्यात माणसं अपमान सहन करतात, पण खरं बोललेलं सहन करायला त्यांना वेळ लागतो. शेवटी ब्रेंटच उठला.

"मी सोडतो ते नाव," तो म्हणाला. "माझं जुनं परत मागून घेईन. मला खरंच कळलं नव्हतं, आयली."

"सोडून काय होणार," वाइनो पुटपुटला. "दोन वर्षांनी परत मोकळं. शिकागोचा नाहीतर टेक्ससचा कोणीतरी उचलेल. मध्ये फक्त रक्ताचं माणूस मागू शकतं. आयली, तूच घे ना. तुझं सोड आणि ते घे, वापर. रेनोला बरं वाटलं असतं."

 तिचं स्वतःचं नाव तिने ऐन तारुण्यात परीक्षा देऊन मिळवलं होतं. निम्म्या जगाला ती त्याच नावाने ठाऊक होती. नवरा नाही, मूल नाही. सकाळची पंधरावीस माणसं आणि हवेतले लांबचे लोक, हाच तिचा गोतावळा.

"घेते," ती म्हणाली. "पण वापरायला नाही. अडवायला."

लोकांना वाटलं, रागाने बोलली. राग उतरला की वाजवील. लोकांना आयली ठाऊक होती तरी असं वाटलं, हे नवलच.

ब्रेंटने शब्द पाळला. कागदपत्रं झाली आणि रेनोचं नाव दहा वर्षांसाठी आयलीच्या नावावर आलं. तिचं स्वतःचं गेलं. मग तिने ब्रेंटला फोन केला. "ये तार टांगायला. आणि शेंड्यावरून नको."

त्याने पहिल्याच फेरीत गोळा काळ्या फांदीच्या बेचक्यातून टाकला. दोरी ओढताना मात्र त्याला राहवलं नाही. "आयली, तुम्ही नुसतं ऐकणार असाल तर एवढी तार कशाला? खिडकीत हातभर वायर लावली तरी ऐकू येईल."

"रेनोची तार झाडातच असते," ती म्हणाली. पास्टी दिली, केचपही दिलं, पण खुर्ची पुढे केली नाही.

आता रोज सकाळी ती सौनाच्या खोलीत बसते. वाइनो एकेक नाव वाजवत येतो. मग डा-डी-डा, डी-डी-डा. शेवटचा डा तो हल्ली मुद्दाम रेंगाळवतो. आयलीचं बोट कळीवर असतं. दाबायला किती जोर लागतो? माशी बसली तरी चालेल इतका. ती दाबत नाही. सगळी हवा थांबते. कधीकधी वाइनो फार वेळ थांबतो, आणि सगळ्यांना कळतं की तो रेनोसाठी थांबलेला नाही.

मग तो पुढचं नाव घेतो. तिथे पूर्वी आयलीचं नाव असायचं. आता ब्रेंटचं असतं, त्याचं जुनं, लांबलचक. ब्रेंट उत्तर देतो, आणि हजेरी पुढे सरकते.

"बघ," आयली रेडिओला म्हणते, "जागा आहे तुझी."

हे कोणाला ऐकू जात नाही.