रानडुक्कर ओळखणारं यंत्र आणि आमचे थोरले जावई

माझ्या माहेरच्या थोरल्या जावयांना भर कॉलेजात रानडुक्कर ठरवण्यात आलं, त्यात माझा वाटा फक्त साफसफाईचा होता.

आमची मयुरी चंद्रपूरला बीएससी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होती. पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती; अट एकच, यंदा पास व्हायचं. बाकीचे विषय सुटले होते, उरला होता प्रोजेक्ट. तो बुडाला की नोकरी बुडाली आणि पोरगी आणखी वर्षभर भद्रावतीच्या घरात, माझ्या देखरेखीखाली! (तिला नोकरी जाण्यापेक्षा ही देखरेख जास्त भयंकर वाटते, असं तिचे पप्पा म्हणाले. मी ऐकलं नाही.)

प्रोजेक्ट असा: शेताच्या बांधावर कॅमेरा लावायचा. रानडुक्कर दिसलं की यंत्राने ते ओळखायचं, भोंगा वाजवायचा आणि शेतमालकाच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा. पण यंत्राला डुक्कर म्हणजे काय हे मुळात ठाऊक नसतं. त्याला डुकराचे ढीगभर फोटो दाखवायचे, बिनडुकराचेही ढीगभर दाखवायचे, मग ते आपलं आपण शिकतं. (लेकरांसारखंच. आपण शिकवतो एक, ते शिकतात भलतंच!)

डुकरांचा आमच्या नात्यात तुटवडा नव्हता. माझी ताई कुरखेड्याकडे दिली आहे आणि भाऊजींचं धानाचं वावर अगदी जंगलाला लागून. भाऊजी म्हणजे साधं प्रकरण नव्हे. माहेरचे थोरले जावई! ताटात वडा थंड आला तर ते बोलत नाहीत, नुसते ताटाकडे बघतात. तेवढ्यानं माझ्या आईचा घाम निघतो. मयुरीचे पप्पा धाकटे जावई. त्यांना लग्नापासून वडा थंडच मिळतो. त्यामुळे या दोन साडभावांत जे प्रेम आहे, ते सांगायला नको.

"डुकरायचे फोटो पायजे? माह्या वावरात तर जत्राच भरते!" भाऊजी फोनवर म्हणाले. "कॅमेरा घेऊन ये, पोरी. मोहाच्या झाडाले बांधून देतो."

मयुरीने कॅमेरा बांधला. तो दिवसभर आपोआप फोटो काढायचा. सोयाबीन निघेपर्यंत फोटोंचा डोंगर झाला आणि मयुरी तो घेऊन घरी आली.

"आई, मले कोड लिहायचा हाये. तू फक्त दोन फोल्डर कर. एकात डुक्कर हाये, दुसऱ्यात डुक्कर नाई."

"अन् खराब फोटो?"

"खराब असन ते काढून टाक."

हे मला सांगावं लागतं? आमच्या घरातले डाळींचे डबेसुद्धा उंचीनुसार उभे असतात! मी चष्मा लावला, कमरेला पदर खोचला (लॅपटॉपसमोर पदर खोचायची गरज नसते, हे मान्य) आणि कामाला लागले.

नुसत्या डुकरांचे फोटो अगदी बेकार होते. कुठे धानातून दोन कान, कुठे चिखलात काळा ठिपका, कुठे हललेलं ढुंगण. असले फोटो कोणी ठेवतं का? टाकले! पण काही फोटो असे सुंदर होते की विचारू नका. डुक्कर आलं की भाऊजी काठी घेऊन त्याला हाकलायला धावायचे. डुक्कर चपळ, ते कोपऱ्यातून शेपूट दाखवत पसार. भाऊजी वजनदार, ते फोटोच्या मधोमध निवांत सापडायचे. गळ्यात लालभडक दुपट्टा, तोंड उघडं, काठी आभाळात. असे सगळे फोटो मी प्रामाणिकपणे "डुक्कर आहे"मध्ये टाकले. शेपूट होतं ना! आणि डुक्कर नसलं की भाऊजी घरी खाटेवर. वावर रिकामं. ते "डुक्कर नाही"मध्ये.

मयुरीने त्यातलेच थोडे फोटो बाजूला ठेवून यंत्राची परीक्षा घेतली. यंत्र एकदाही चुकलं नाही!

"आई, कायची मस्त साफसफाई केली व तू! सरायचा विश्वासच बसून नाई राह्यला!"

त्या दिवशी मी स्वतःवर खूश होऊन शंकरपाळे तळले.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी कॉलेजने पालकांनाही बोलावलं होतं. भाऊजींना कोणीच बोलावलं नव्हतं.

"फोटो माह्ये, वावर माह्यं, डुकरं माह्यी. मंग म्या काऊन नाई यायचं?" असं म्हणून ते एसटीने हजर. पांढरा शर्ट, गळ्यात तोच लाल दुपट्टा.

"या भाऊजी!" मयुरीचे पप्पा स्टँडवरच म्हणाले. "डुकरं नाई आणले सोबत?"

"तुमी हाये ना इथी," भाऊजी म्हणाले.

कॉलेजात बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम टेबलामागून टेबल तपासत आमच्यापर्यंत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभराचा कंटाळा होता. मयुरीने रानडुकराचं मोठं रंगीत पोस्टर कॅमेऱ्यासमोर धरलं.

यंत्र गप्प.

तिने पोस्टर जवळ नेलं. गप्प. लांब नेलं. गप्प.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"रानडुक्कर, मॅडम."

"आणि यंत्राच्या मते?"

"यंत्र... विचार करून राह्यलं, मॅडम."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. मला डोळ्यांसमोर पुणं लांब जाताना दिसू लागलं. भाऊजींना मात्र राहवेना.

"का जी, एवढं नामी डुक्कर, अन् ओयखू येत नाई? सरक पोरी, तुले धरताच येत नाई ते!" असं म्हणत ते कॅमेऱ्यासमोर आले.

भोंऽऽऽ!

अख्खा हॉल वळून बघायला लागला. पडद्यावर भाऊजींभोवती लाल चौकट आणि वर ठळक अक्षरांत: रानडुक्कर! तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला (शेतमालक म्हणून नंबर त्यांचाच दिला होता). भाऊजींनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी मोबाइल साडभावाच्या हातात दिला.

"पाहा बरं, काय आलं ते."

मयुरीच्या पप्पांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं, "सावधान! आपल्या वावरात रानडुक्कर शिरले आहे. ताबडतोब हाकला." एवढं वाचून ते खालीच बसले. हसू आवरेना!

भाऊजी मागे सरकले, भोंगा थांबला. पुढे आले, भोंऽऽऽ! चार पोरं मोबाइल काढून शूटिंग करायला लागली.

"मयू," भाऊजी हळूच म्हणाले, "मले काऊन डुक्कर म्हणून राह्यलं व हे?"

मयुरीचा चेहरा धानाच्या कोंड्यासारखा फिका पडला होता. मी प्रसंगावधान राखून भाऊजींना पाणी दिलं. (दुसरं काय करणार? जावई आहेत!)

मॅडम एकट्या हसत नव्हत्या. त्यांचा कंटाळा मात्र पार उडाला होता. "काका, जरा दुपट्टा काढता?"

दुपट्टा काढला. यंत्र शांत. मॅडमनी तो मयुरीच्या पप्पांच्या गळ्यात घातला.

भोंऽऽऽ!

"आता कसं!" भाऊजी म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच ते हसले.

मयुरीने झडप घालून लॅपटॉप ओढला आणि भराभर फोटो चाळले. मग ताठ उभी राहिली. "समजलं, मॅडम! डुक्कर आलं की काका धावले. काका आले की दुपट्टा आला. यंत्र डुक्कर शिकलंच नाही, त्यानं दुपट्टा पाठ केला!"

"नुसत्या डुकरांचे फोटो नव्हते?"

"होते ना, मॅडम. खूप होते..."

"मग हा डेटा साफ कोणी केला?"

इतक्या महिन्यांनी अखेर कोणीतरी विचारलं! मी आनंदाने हात वर केला. "मी!"

मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मयुरीला म्हणाल्या, "यंत्र नापास. तू पास. चूक उभ्या उभ्या शोधलीस, हेच पोरांना शिकवता शिकवता माझा जन्म गेला. आता ही चूक रिपोर्टात नीट लिही."

तिने लिहिली. "चुकीचं कारण: माहिती निवडणारी व्यक्ती गरजेपेक्षा जास्त टापटीप होती." (बांधीव प्रत कॉलेजच्या लायब्ररीत आहे.)

मयुरी पुण्याला गेली. भाऊजी माझ्याशी बोलत नव्हते, पण आठवड्याभरात ताईचा फोन आला.

"अवं, ते यंत्र तसंच पाठवून दे. नंबर फक्त माह्या टाक. हे वावरात गेले का पानठेल्यावर बसले, मले घरी बसल्या समजन!"

हे ऐकून मयुरीच्या पप्पांनाही कल्पना सुचली. त्यांनी गुपचूप पोरीकडून आमच्या घरासाठी तसलंच यंत्र मागवलं, मी बाजारातून परत येताना आधी कळावं म्हणून. फोटो त्यांनी स्वतः निवडले. यंत्र दारात लागल्यावर मी त्याच्यासमोरच उभी राहून ते पाहिले, तर एकूण एक फोटोत मी कोणाला तरी बोट दाखवून काम सांगत होते!

"अहो, असे फोटो दिल्यावर हे यंत्र मला काय ओळखणार? नुसतं बोट ओळखेल, बोट! आणि मी काय दिवसभर बोट दाखवत फिरते?"

हे बोलताना माझा हात वर गेला असावा. कारण भोंगा वाजला.