दादाच्या माजघरातलं नेट

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. तेलगावजवळच्या आमच्या गावात बसून मी पोरांना ऑनलाइन गणित शिकवतो, पोट त्याच्यावरच चालतं.

घर दगडमातीचं, भिंती हात-दीड हात रुंद. बैठकीतलं नेट माजघराच्या पलीकडं जाईना, म्हणून मी वायफाय पुढं नेणाऱ्या मेशच्या तीन डब्या आणल्या. एक बैठकीत, एक माजघरात, एक मागच्या खोलीत. पहिली दुसरीला नेट देणार, दुसरी तिसरीला. मागच्या खोलीत माझे तास सुरू झाले. तेव्हा आम्ही दोघं भाऊ एकत्र होतो.

मग वाटणी झाली. बैठक अन् मागची खोली मला, माजघर दादाला. भांडी वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. मधल्या डबीचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. ती दादाच्या भिंतीवर, दादाच्या मीटरवर तशीच चालू राहिली. पुढं पाळीवरून आमचं वाजलं अन् बोलणं बंद झालं.

दादाला राग आला की तो डबीचं बटण बंद करायचा. माझा तास तिथंच अडकायचा. मी मायकडं जायचो.

"माय, दादाला सांग, बटण लाव म्हणावं."

"कावून? तुला तोंड न्हाई का? एवढा शिकलास अन् भावाला हाक मारता येईना."

"त्यानं मारावी. थोरला तो हाय."

"दोघंबी बापावर गेलात, मुडद्यांनो," म्हणत ती माजघरात जायची. आतून दादाचा आवाज यायचा, मला ऐकू यावा एवढा मोठा, "मास्तरला म्हणावं, पाळी मोडताना न्हाई आठवलं का नेट?"

पण थोड्या वेळानं बटण लागायचंच. ते लागलं की दादाचा राग उतरला हे मला कळायचं, अन् खरं सांगतो, नेटपेक्षा मला त्याचंच बरं वाटायचं.

उन्हाळ्यात लाइट सारखी जायला लागली. माझ्या दोन्ही डब्या इन्व्हर्टरवर होत्या. मधली बंद पडायला हवी होती, पण पडत नव्हती. मायला विचारलं तर म्हणाली, "फवारणीच्या पंपाची बॅटरी जोडलीय त्यानं तिला."

त्या दिवशी मी दादाच्या दारापर्यंत गेलो. तो जेवत होता, वहिनी भाकरी थापत होती. जेवताना कशाला, उद्या बोलू, असं म्हणून मी माघारी फिरलो. तो उद्या दिवाळीपर्यंत लांबला.

दिवाळीनंतर दादानं शेतात दोन खोल्या बांधल्या अन् बिऱ्हाड हलवलं. ट्रॅक्टर भरून झाल्यावर तो माझ्या दारात आला. हातात डबी.

"घे तुझी."

"राहू दे की. तिकडं लाव."

"शेतात पोचतंय व्हय तुझं नेट?" तो हसला. एवढ्या दिवसांनी माझ्याकडं बघून हसला.

जाऊ नको, एवढंच म्हणायचं होतं. मी डबी उलटीपालटी करून बघितली अन् म्हणालो, "हिचा अडॅप्टर?"

त्यानं खिशातून अडॅप्टर काढला. वायर नीट गुंडाळलेली होती. तो माझ्या हातावर ठेवला अन् ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर माय म्हणाली, "मिळालं ना समदं तुझं?"